'माणसाला काही होत नाही' हे कोणी तपासलं?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. पेस्ट कंट्रोलवाला ओट्याखाली, फ्रिजच्या मागे, कपाटाच्या बिजागरीपाशी जेलचे बारीक ठिपके लावत जातो आणि घरातल्या बाईने विचारायच्या आधीच सांगून टाकतो, "वास नाही, डाग नाही, माणसाला काही होत नाही." घोडबंदर रोडवर नाहीतर उलव्यात नव्या टॉवरच्या पायात वाळवीचं औषध ओतणारा ठेकेदार हेच सांगतो. मुरबाडला भेंडीवरच्या तुडतुड्यांसाठी बाटली देणारा कृषी सेवा केंद्राचा दुकानदार हेच सांगतो. कुत्र्याच्या मानेवर पिसवांसाठी टाकायचे थेंब विकत घेताना मिळणारा दिलासाही हाच. या चारही ठिकाणी बरेचदा एकाच कुटुंबातलं रसायन वापरलेलं असतं. त्याचं नाव निओनिकोटिनॉइड. पुढे मी त्याला नुसतं निओनिक म्हणेन.

माझं म्हणणं असं, की हा दिलासा अर्धाच खरा आहे. तो ज्या मापाने मोजला गेला, ते माप मरण मोजतं. वाढत्या मेंदूचं काय होतं हे त्या मापात येतच नाही. ज्या घरात गरोदर बाई आहे, रांगणारं मूल आहे, त्या घराला अर्ध्या दिलाशावर ठेवण्याचा अधिकार कंपनीला नाही आणि सरकारलाही नाही.

आधी हे रसायन करतं काय ते पाहू. इमिडाक्लोप्रिड हा या कुटुंबातला सगळ्यात प्रसिद्ध सदस्य, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आला. त्याच्या मागोमाग ॲसिटामिप्रिड, थायामेथॉक्झाम, क्लोथियानिडिन, थायाक्लोप्रिड, डायनोटेफ्युरॉन आले. नावातच निकोटिन आहे आणि ते उगाच नाही. आपल्या मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात तो ॲसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याने. तो निरोप घेणारी जागा म्हणजे रिसेप्टर. तंबाखूतलं निकोटिन याच जागेवर जाऊन बसतं, म्हणून त्या रिसेप्टरला निकोटिनिक रिसेप्टर म्हणतात. निओनिकही तिथेच जाऊन बसतं. किडीच्या शरीरात ते इतकं घट्ट बसतं की मज्जापेशी सतत चेतत राहते, कीड थरथरते, तिला लकवा मारतो आणि ती मरते.

मग आपण का मरत नाही? निकोटिनिक रिसेप्टर आपल्यातही आहेत, स्नायूंत आहेत, मेंदूत आहेत. याचं उत्तर शोधण्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे जॉन कॅसिडा आणि त्यांचे सहकारी मोतोहिरो तोमिझावा यांचा मोठा वाटा आहे. निओनिकच्या रेणूच्या टोकाला नायट्रो किंवा सायनो गट, म्हणजे काही अणूंचा छोटा समूह असतो. किडीच्या रिसेप्टरमध्ये त्या टोकाला धरून ठेवणारी जागा आहे, सस्तन प्राण्यांच्या रिसेप्टरमध्ये ती तशी नाही. त्यामुळे आपल्याकडे ते सैल बसतं. हा फरक खरा आहे आणि 'माणसाला काही होत नाही' हे वाक्य मुळात याच्यावर उभं आहे.

पण त्याच संशोधनातली दुसरी गोष्ट पेस्ट कंट्रोलच्या पत्रकावर कधीच छापली जात नाही. इमिडाक्लोप्रिडच्या टोकाचा तो नायट्रो गट गळून पडला की जे उरतं, त्याला डेसनायट्रो-इमिडाक्लोप्रिड म्हणतात. हे रूप सस्तन प्राण्यांच्या मेंदूतल्या रिसेप्टरवर जवळपास निकोटिनच्याच ताकदीने बसतं. हा बदल वनस्पतीत होतो, मातीत होतो, प्राण्याच्या शरीरातही थोड्या प्रमाणात होतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संशोधकांना पिण्याच्या पाण्यात निओनिक सापडले, पाठोपाठ हे डेसनायट्रो रूपही सापडलं. नेहमीच्या शुद्धीकरणात निओनिक फारसे निघत नाहीत असंही त्यांना दिसलं. म्हणजे बाटलीतल्या औषधाची चाचणी करून आपण 'सुरक्षित' म्हणतो, आणि पोटात जाणारं रसायन नेमकं तेच असेल याची खात्री नाही.

आता मापाकडे येतो. भारतात कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे लाल म्हणजे अति विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा किंचित. हा रंग ठरतो तो प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना औषध पाजून त्यातले निम्मे मरायला किती मात्रा लागते यावरून. किलोमागे ५० मिलीग्रॅमपर्यंतच्या मात्रेत निम्मे मेले तर लाल, ५१ ते ५०० पर्यंत पिवळा. इमिडाक्लोप्रिडचा उंदरांमधला आकडा साधारण ४५० आहे, म्हणजे पिवळ्या पट्टीच्या वरच्या टोकाला. हा आकडा खोटा नाही. फक्त तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: एका दिवसात पुरेसं पाजलं तर प्राणी मरेल का? पोटातल्या पिल्लाच्या मेंदूचा कुठला भाग लहान राहिला, वीर्यातल्या पेशी कमी झाल्या का, अंडाशयावर काय परिणाम झाला, वर्षानुवर्षं थोडं थोडं खाल्लं तर काय, यातलं काहीही त्या त्रिकोणात नाही. आणि आपण मात्र त्या त्रिकोणाच्या जोरावर स्वयंपाकघरातल्या कपाटापर्यंतचा निर्णय घेतो.

निओनिक हे जुन्या औषधांच्या तुलनेत खरंच कमी जीवघेणे आहेत आणि हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. श्रीलंकेत इमिडाक्लोप्रिड पिऊन रुग्णालयात आलेल्या लोकांचा एक अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेकांना मळमळ, उलटी, चक्कर यापलीकडे फारसा त्रास झाला नाही आणि कुणी दगावलं नाही. याच्यासमोर मोनोक्रोटोफॉस ठेवून पाहा. २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या माध्यान्ह भोजनात ते गेलं आणि २३ मुलं गेली. निओनिक आल्यावर फवारणाऱ्या कितीतरी मजुरांचा जीव वाचला असणार, हे मला मान्य आहे. पण 'मोनोक्रोटोफॉसपेक्षा बरं' आणि 'माणसाला काही होत नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्याचा पुरावा दाखवून दुसरं विकलं जातं, तक्रार त्याबद्दल आहे.

यवतमाळचं २०१७ विसरण्यासारखं नाही. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने रुग्णालयात गेले, वीसहून अधिक दगावले. त्यानंतर राज्य सरकारने यवतमाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यात मोनोक्रोटोफॉस होतं, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन होतं, आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रणही होतं. त्या मृत्यूंचं खापर एकट्या निओनिकवर फोडता येणार नाही. पण शेतात औषध एकेकटं वापरलं जात नाही, एका पंपात दोन-तीन औषधं एकत्र कालवली जातात, आणि प्रयोगशाळेतला उंदीर मात्र एका वेळी एकच औषध पितो.

आता मेंदूबद्दल, कारण माझ्या काळजीचं मूळ तिथे आहे. गर्भात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत निकोटिनिक रिसेप्टर मेंदूची बांधणी करण्याच्या कामात असतात. कुठल्या पेशीने कुठे जायचं, कुणाशी जोडून घ्यायचं, यात त्यांचा हात असतो. गरोदरपणी सिगारेट ओढू नये असं डॉक्टर सांगतात, त्याच्यामागे निकोटिनचा हा परिणामही आहे. मग निकोटिनच्याच जागेवर बसणाऱ्या औषधाबद्दल हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला जायला हवा होता. २०१२मध्ये जपानी संशोधकांनी नवजात उंदरांच्या मेंदूतल्या पेशींवर इमिडाक्लोप्रिड आणि ॲसिटामिप्रिड टाकून पाहिलं. अगदी सौम्य द्रावणातही त्या पेशी निकोटिनने चेताव्यात तशा चेतल्या. त्या आणि इतर अभ्यासांच्या आधारे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१३मध्ये जाहीर केलं, की ही दोन औषधं वाढत्या मज्जासंस्थेवर परिणाम करू शकतात. ॲसिटामिप्रिडची रोजची सुरक्षित मर्यादा त्यांनी शरीराच्या किलोमागे ०.०७ मिलीग्रॅमवरून ०.०२५ वर आणावी असं सुचवलं. २०२४मध्ये त्यांनी ती आणखी पाचपट खाली, ०.००५ वर आणायला सांगितली. अकरा वर्षांत 'सुरक्षित' ची व्याख्या चौदापट आक्रसली.

त्याच २०२४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक काम केलं, ते वाचून मला राग आला. निओनिक बनवणाऱ्या कंपन्यांनी परवान्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला गाभण उंदरांवरच्या चाचण्या दिल्या होत्या. गरोदरपणी आणि दूध पाजत असताना आईला औषध द्यायचं आणि पिल्लांचा मेंदू मोजायचा, अशा त्या चाचण्या. संशोधकांनी ती कागदपत्रं मागवून पुन्हा तपासली. ॲसिटामिप्रिड, क्लोथियानिडिन, इमिडाक्लोप्रिड, थायाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम, या पाचही औषधांत वरच्या मात्रेला पिल्लांच्या मेंदूचे काही भाग आक्रसलेले दिसले. मधल्या आणि खालच्या मात्रेला काय झालं? त्याची मोजमापं बऱ्याच ठिकाणी दिलेलीच नव्हती, किंवा अर्धवट दिलेली होती. आणि परवाने मात्र दिले गेले होते. घातक ठरत नाही अशी खालची मात्रा कुठली, हे ठरवायला नेमके तेच आकडे लागतात.

इथे कुणी म्हणेल, उंदराला दिलेली मात्रा आणि आपल्या ताटातली मात्रा यात फरक आहे. आहेच. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी मादी उंदरांना ९० दिवस इमिडाक्लोप्रिड पाजलं. शरीराच्या किलोमागे रोज २० मिलीग्रॅम दिल्यावर अंडाशयात आणि संप्रेरकांत बिघाड दिसला, १० मिलीग्रॅमला तसा दिसला नाही. ५० किलो वजनाच्या बाईला त्या हिशेबाने रोज एक ग्रॅम शुद्ध औषध पोटात घ्यावं लागेल, आणि तसं कुणी घेत नाही. म्हणून भेंडीची भाजी खाऊन उद्या कुणाला काही होईल असं मी म्हणत नाही, आणि तसं म्हणून घाबरवणाऱ्या व्हॉट्सॲपच्या निरोपांवर विश्वासही ठेवू नये. माझा मुद्दा गर्भाचा आणि लहान मुलाचा आहे. त्यांच्यासाठीची सुरक्षित मात्रा शोधायचे आकडे अपुरे आहेत, आणि जसजसे मिळतात तसतशी मर्यादा खालीच सरकते आहे.

हे रसायन मुलांपर्यंत पोचतं का, हा आता वादाचा विषय राहिलेला नाही. अमेरिकेत २०१५-१६मध्ये देशभरातल्या लोकांच्या लघवीचे नमुने तपासले, तेव्हा तीन वर्षांवरच्या साधारण निम्म्या लोकांत निओनिक किंवा शरीरात ते मोडून उरलेले त्याचे तुकडे सापडले. जपानमध्ये कमी वजनाच्या नवजात बाळांची जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांतली लघवी तपासली. जवळपास चौथ्या हिश्श्याच्या बाळांत ॲसिटामिप्रिडचा तुकडा होता, म्हणजे तो आईकडून वार ओलांडून आला होता. आणि स्वित्झर्लंडमध्ये २०२२मध्ये कर्करोगावर उपचार घेणाऱ्या १४ मुलांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, तर १३ जणांच्या पाण्यात तोच तुकडा मिळाला. कर्करोग त्याने झाला असा याचा अर्थ अजिबात नाही. अर्थ एवढाच की रक्त आणि मेंदू यांच्यामधली जी भिंत आपण भरवशाची समजतो, ती हे रसायन ओलांडतं. ती मुलं युरोपातली होती, जिथे त्याआधी २०१८मध्येच तीन निओनिक उघड्या शेतात वापरायला बंदी झाली होती, ॲसिटामिप्रिड मात्र त्यात नव्हतं.

आपल्याकडे बंदी नाही, आणि आपली भाजी कुठून येते ते सगळ्यांना ठाऊक आहे. ठाणे जिल्ह्यातच मुरबाड, शहापूर भागात भेंडी होते, त्यातली काही परदेशातही जाते. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल या द्रवरूप औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस थांबायचं ते दिलेलं असतं: मिरचीला ४० दिवस, द्राक्षाला ३२, भेंडीला ३. आता भेंडी लावलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. भेंडीचा तोडा दिवसाआड असतो. तीन दिवस थांबलं तर भेंडी निबर होते आणि व्यापारी ती बाजूला काढतो. तुडतुडे, पांढरी माशी, मावा यांचा जोर असताना फवारणी थांबवली तर हळद्या रोग येतो आणि प्लॉट जातो. म्हणजे लेबल पाळायचं तर एका तोड्याचं नुकसान, न पाळायचं तर औषधाचा उरलेला अंश ग्राहकाच्या ताटात. तो एका तोड्याचा तोटा भरून देणारी कुठलीही व्यवस्था आपण उभी केलेली नाही, आणि वर शेतकऱ्यालाच बेजबाबदार म्हणतो. हे मला पटत नाही.

बरं, घरी आणून भेंडी मिठाच्या पाण्यात धुतली तर? वरून चिकटलेलं औषध धुतल्याने बरंचसं जातं. निओनिक आंतरप्रवाही आहेत, म्हणजे पानावर पडले किंवा मुळातून शोषले गेले की रसातून झाडभर फिरतात. रस शोषणारी कीड मरते ती म्हणूनच. जे फळाच्या आत आहे ते मीठ, सोडा, व्हिनेगर यांपैकी कशानेही निघणार नाही. बीजप्रक्रिया केलेलं बियाणं तर औषध पोटात घेऊनच उगवतं. त्या औषधाचा थोडाच भाग झाडात जातो, बाकी सगळा मातीत राहतो. इमिडाक्लोप्रिड मातीत महिनोन्‌महिने टिकतं, काही ठिकाणी वर्षानुवर्षं, आणि पाण्यात सहज विरघळतं.

जरा आकडेमोड करू. युरोपने २०२४मध्ये सुचवलेली मर्यादा धरली, तर १५ किलोच्या मुलाला दिवसाला ॲसिटामिप्रिड ०.०७५ मिलीग्रॅमपेक्षा जास्त जायला नको. समजा एखाद्या भाजीत किलोमागे एक मिलीग्रॅम अंश आहे. मग त्या मुलाची मर्यादा ७५ ग्रॅम भाजीत, म्हणजे डब्यातल्या एका वाटीत संपते. जुन्या ०.०७ च्या मर्यादेने तेच मूल एक किलोहून अधिक भाजी खाऊ शकलं असतं. आपल्या ताटातल्या भाजीत खरोखर किती अंश आहे, हे मात्र तपासल्याशिवाय कसं कळणार?

आणि तपासता येत नाही असंही नाही. नाशिकची द्राक्षं युरोपला जातात ती न्हावा शेव्याच्या बंदरातून. प्रत्येक नोंदणीकृत बागेचा नमुना प्रयोगशाळेत जातो, अंश मोजले जातात, मर्यादेबाहेर असेल तर ती द्राक्षं बोटीवर चढत नाहीत. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट नावाच्या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, बागायतदारांचं मोठं नुकसान झालं, आणि त्यानंतर ही साखळी आणखी कडक झाली. भारतातून येणाऱ्या भेंडीवरही युरोपीय संघाने कीटकनाशकांच्या अंशासाठी जादा तपासणी लावलेली आहे. त्या बंदरापासून वाशीचं एपीएमसी, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीचं मार्केट काही फार लांब नाही. तिथे पहाटे उतरणाऱ्या भाजीच्या टेम्पोला हा कागद कुणी मागत नाही. जर्मनीतल्या मुलासाठी जो नमुना काढला जातो तो कोपरखैरण्यातल्या मुलासाठी का काढला जात नाही? खर्च हे कारण मला पुरेसं वाटत नाही. केंद्र सरकारची बाजारातल्या भाजीपाल्याचे अंश मोजणारी योजना २००५-०६ पासून चालू आहे, प्रयोगशाळा आहेत, पद्धती बसलेल्या आहेत. फक्त तो निकाल कुठल्या गाळ्यातला, कुठल्या दिवसाचा, हे तुमच्या-माझ्यापर्यंत पोचत नाही.

घरातल्या औषधाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. झुरळांच्या जेलमध्ये इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के असतं, ठिपका मुगाच्या दाण्याएवढा, आणि तो फटीत बसतो. घरभर फवारा मारण्यापेक्षा ही पद्धत नक्कीच बरी. मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी लावली तर मला तिची फारशी भीती वाटत नाही. वाळवीची गोष्ट वेगळी. बांधकामाआधी वाळवी रोखण्याच्या भारतीय मानकात, आयएस ६३१३मध्ये, जमिनीवर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण ओतायला सांगितलेलं आहे, आणि त्यासाठी चालणाऱ्या औषधांत इमिडाक्लोप्रिड आहे. नवी मुंबईच्या नव्या वसाहतींत टॉवरच्या टॉवर उभे राहत असताना हे द्रावण जमिनीत किती गेलं, आणि त्याच आवारात बोअरवेल असेल तर तिच्या पाण्याचं काय, हा प्रश्न ताबा घेताना कुणी विचारत नाही. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, त्यातली २०१२ची कीटकनाशकांची यादी पाहा. डीडीटी आहे, एन्डोसल्फान आहे, मोनोक्रोटोफॉस आहे, फोरेट आहे. निओनिक एकही नाही. यादीत नाही म्हणून मोजत नाहीत, आणि मोजत नाहीत म्हणून 'आढळलं नाही' असं म्हणायला सगळे मोकळे.

माणूस हा एकटाच सस्तन प्राणी इथे राहत नाही. येऊरच्या जंगलातून संध्याकाळी वटवाघळं बाहेर पडतात. त्यातल्या कीटकभक्षी जातींचं पोट किड्यांवरच भरतं. तैवानमध्ये अशाच कीटकभक्षी वटवाघळांना इमिडाक्लोप्रिड दिल्यावर त्यांची उडण्याची वाट चुकू लागली, ओळखीच्या मार्गाची आठवण बिघडली, असं २०१६च्या अभ्यासात दिसलं. अमेरिकेतल्या साउथ डकोटामध्ये हरणांवर झालेला अभ्यास २०१९मध्ये आला. मेलेल्या पाडसांच्या प्लीहेत इमिडाक्लोप्रिड जास्त होतं, जगलेल्यांत कमी. ज्या हरणांना औषध दिलंच नव्हतं त्यांच्यातही ते सापडलं, बहुधा ते परिसरातूनच येत होतं. वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठच्या तिवरांत कोल्हे राहतात, तेही जे मिळेल ते खातात, त्यात आपल्या कचऱ्यातले उंदीरही आले. त्यांच्याकडे लेबल वाचायला कुणी नाही.

मग बंदी घाला, असं मी सरळ का म्हणत नाही? कारण उद्या सकाळी सगळे निओनिक काढून घेतले, तर शेतकरी ज्या बाटलीकडे वळेल ती मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गेनोफॉस्फेटची असेल, आणि फवारणारा मजूर त्याची किंमत रुग्णालयात मोजेल. २०२०मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात मोनोक्रोटोफॉस होतं, पण एकही निओनिक नव्हतं. आधी जीवघेणी औषधं काढावीत हा क्रम मला योग्यच वाटतो. मात्र त्याच वेळी, कीड आहे की नाही हे न बघता प्रत्येक बियाण्याला निओनिक चोपडण्याची पद्धत बंद व्हायला हवी. कीड नुकसानीच्या पातळीवर गेल्यावरच फवारणी, पिवळे चिकट सापळे, पाच टक्के निंबोळी अर्क, या गोष्टी कृषी विद्यापीठं अनेक वर्षं सांगत आली आहेत. त्या दुकानात विकल्या जात नाहीत म्हणून मागे पडल्या. कृषी सहायकाच्या जागा भरलेल्या असतील आणि तो बांधावर जाईल, तर शेतकऱ्याला दुकानदाराच्या सल्ल्यावर विसंबावं लागणार नाही. आणि ॲसिटामिप्रिड, इमिडाक्लोप्रिड यांची नोंदणी फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समितीने वाढत्या मेंदूवरच्या परिणामाच्या नजरेतून पुन्हा तपासावी. कंपन्यांनी दिलेले सगळ्या मात्रांचे आकडे लोकांसमोर ठेवावेत. व्यापारी गुपित म्हणून जे झाकायचं ते झाका, उंदराच्या पिल्लाच्या मेंदूचं माप हे व्यापारी गुपित असू शकत नाही.

शहरात आपल्या हातातही काही आहे. व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला कीटकनाशक नियमांखाली परवाना लागतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत एवढाच ठराव करावा: ठेकेदाराने परवाना क्रमांक, औषधाचं नाव, टक्केवारी आणि लेबलची प्रत काम करायच्या आधी नोटीस बोर्डावर लावायची, आणि गरोदर बाई किंवा लहान मूल असलेल्या घराला नको म्हणायचा हक्क द्यायचा. मेंटेनन्सच्या बिलात याने एक रुपयाही वाढत नाही. महापालिकांनी मोरबे आणि भातसा धरणांच्या पाण्याच्या तपासणीत निदान चार निओनिक मोजायला सुरुवात करावी. मानकाच्या यादीची वाट पाहायची गरज नाही, यादीपेक्षा जास्त तपासायला कुणी मनाई केलेली नाही.

भाजीच्या तपासणीचा प्रश्न एकट्या एपीएमसीवर सोडूनही चालणार नाही. २०१६मध्ये राज्याने फळं आणि भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्या, तेव्हापासून बराच माल समितीच्या आवाराबाहेर विकला जातो. शेतकरी थेट सोसायटीच्या दारात येतो, आठवडे बाजार भरतात, आणि ते चांगलंच आहे. पण मग नमुनाही तिथपर्यंत यायला हवा. वाशीत रोज प्रत्येक भाजीचे काही नमुने, आठवडे बाजारांत आलटून पालटून काही, आणि निकाल तालुक्याच्या नावासह मराठीत जाहीर. खर्च ग्राहक, व्यापारी आणि राज्य यांनी वाटून घ्यावा, शेतकऱ्यावर टाकू नये. ज्या तालुक्यातून वारंवार जास्त अंश येतील तिथे दंड करणारा निरीक्षक पाठवण्याआधी कृषी सहायक पाठवावा, आणि लेबलप्रमाणे तीन दिवस थांबलेल्या भेंडीला, जरा निबर असली तरी, त्या आठवड्यात पडेल दराने नव्हे तर ठरलेल्या दराने गिऱ्हाईक मिळावं. दोनशे घरांच्या सोसायटीला अशी भेंडी बांधून घेणं अवघड नाही.